‘रांगेत या’ म्हणणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी,

स. न. वि. वि.

गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी हॉलमध्ये खुर्च्या रचताना जे बोलणं झालं, त्याला मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. हातात मसालेभाताचं पातेलं होतं, आणि रागात मला धड बोलता येत नाही. जून २०२५मध्ये लॉस एंजेलिसला कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना पकडायला पडलेल्या धाडींचा विषय निघाला होता. आपल्यातलेच एक जण, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणाले, "आपण नाही का वर्षानुवर्षं रांगेत उभे राहिलो? त्यांनीही राहावं. आणि त्यांची मुलं इथेच जन्मलेली, नागरिक आहेत ना? मग ती का नाही आईबापांचे कागद करून घेत?" सातआठ माना डोलल्या. मी पातेलं घेऊन गाडीकडे गेले.

त्यांचा शेवटचा प्रश्न चांगला आहे. चौदा वर्षांपूर्वी मलाही तोच पडला होता. दिवाळीच्या कार्यक्रमात पाच मिनिटं देतो असं अध्यक्ष म्हणाले, पण हे पाच मिनिटांत मावणारं नाही, म्हणून पत्र.

जानेवारीच्या शेवटापासून १५ एप्रिलपर्यंत मी शनिवारच्या कुठल्याच कार्यक्रमाला नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ईस्ट सॅन होझेत एका शाळेच्या जेवणघरात मोफत टॅक्स रिटर्न भरून देण्याचं केंद्र चालतं, तिथे मी बसते. सनीवेलहून गाडीने अर्धा तासही लागत नाही. जवळच मेफेअर. शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ एके काळी राहायचे ती वस्ती. तिला तेव्हा लोक ‘साल सी पुएदेस’ म्हणत, म्हणजे ‘जमलं तर निघून दाखव’. आपल्यातल्या पुष्कळांनी वीस वर्षांत त्या बाजूला गाडी वळवलेली नाही. मीही वळवली नसती, पुण्यात सी.ए.कडे घालवलेली तीन वर्षं कुठेतरी वापरावीत म्हणून गेले आणि अडकले.

समोर येतात ते बहुतेक मेक्सिकोचे. मिचोआकान, ओआहाका, हालिस्को. थोडे ग्वातेमाला आणि एल साल्वादोरचे. स्वतःला ‘सिन पापेलेस’ म्हणतात, बिनकागदाचे. कर मात्र भरतात. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांनाही कर भरता यावा म्हणून १९९६ साली कर खात्याने एक नऊ आकडी नंबर काढला, ९ने सुरू होणारा. आपल्यातल्या कित्येक एच-४वाल्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, बायकांचा पहिला नंबर तोच, आयटिन. ते त्याला ‘इतीन’ म्हणतात. २०२२ या एका वर्षात बिनकागदाच्या लोकांनी ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, असा करधोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचा अंदाज आहे. त्यातले २५.७ अब्ज सोशल सिक्युरिटीचे, आणि त्या पैशांवर म्हातारपणी त्यांचा हक्क नाही. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर येऊन दहा वर्षांच्या आत परत गेलेल्या आपल्या लोकांचे सोशल सिक्युरिटीचे पैसे भारताशी करार नसल्यामुळे बुडतात, यावर आपण केवढे तावातावाने बोलतो. दुखणं तेच आहे, त्यांचं जन्मभराचं.

मला मात्र सांगायचं आहे ते टेबलापलीकडे कोण बसतं त्याबद्दल. आईवडील एकटे येत नाहीत. बरोबर मुलगा असतो, बहुतेक वेळा मुलगी, आणि त्यातही थोरली.

एक मुलगी मला पहिल्यांदा भेटली तेव्हा दहा वर्षांची होती. वडील बागकाम करणारे, कूपर्टिनो-साराटोगाकडची घरं. आई घरं साफ करणारी. वडिलांनी रोखीत किती मिळाले, चेकने किती, गवत कापायच्या मशीनला किती खर्च आला, हे सगळं ती पोरगी मला इंग्रजीत सांगत होती. ‘डेप्रिसिएशन’ हा शब्द मी तिला समजावला आणि तिने तो बापाला स्पॅनिशमध्ये समजावला. आपल्या घरात दहा वर्षांच्या मुलांना आपण बँकेत किती पैसे आहेत हे सांगत नाही. ती आता चोवीसची आहे, एका डायलिसिस केंद्रात नर्स आहे, आणि अजूनही दर वर्षी येते. आता मी फक्त सही घेते. रिटर्न तिने आधीच घरी जुळवून आणलेलं असतं.

तिचा एकविसावा वाढदिवस मी विसरणार नाही. नागरिक मुलाला एकवीस पूर्ण झाली की त्याला आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. त्या घरात हा आकडा तिच्या जन्मापासून माहीत होता. वडिलांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आईने कानातलं घातलं, तिघं वकिलाकडे गेली. केक गाडीत होता, परत येताना कापायचा म्हणून. अर्ध्या तासात बाहेर आली.

कायद्याची भानगड अशी आहे, आणि कृपा करून हा परिच्छेद गाळू नका. व्हिसा घेऊन, विमानतळावर शिक्का मारून घेऊन आत आलेला माणूस, मग त्याचा व्हिसा केव्हाचा का संपलेला असेना, नागरिक मुलाच्या अर्जावर सहसा इथे बसून ग्रीन कार्ड घेऊ शकतो. जो सीमा ओलांडून शिक्क्याशिवाय आला, त्याला इथे ते मिळत नाही. मेक्सिकोचा असेल तर त्याने सिउदाद हुआरेझच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये जाऊन मुलाखत द्यायची. पण वर्षभरापेक्षा जास्त काळ इथे बिनकागदाचा राहिलेला माणूस देशाबाहेर पाऊल टाकतो, त्या क्षणी त्याच्यावर परत येण्याची दहा वर्षांची बंदी लागते. हा नियम १९९६च्या कायद्यातला, १ एप्रिल १९९७पासून लागू. लोक या बंदीला ‘कास्तीगो’ म्हणतात. शिक्षा.

शिक्षेला माफी आहे. तिला लोक ‘पेर्दोन’च म्हणतात. माझ्यावाचून माझ्या माणसाचे अतोनात हाल होतील असं सिद्ध केलं, तर ही माफी मिळू शकते. माझं माणूस म्हणजे कोण, हे कायद्याने ठरवून दिलं आहे: नवरा किंवा बायको, नाहीतर आई किंवा वडील, आणि ते नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले हवेत. मुलं त्या यादीत नाहीत. आईवडील दोघंही बिनकागदाचे असतील, तर माफी मागायला घरात कोणी उरतच नाही. म्हणजे ही मुलगी आईसाठी अर्ज करू शकते. आई दहा वर्षं हद्दपार झाली तर मुलीचं काय होईल, हे मात्र कोणी मोजत नाही.

हे त्या प्रश्नाचं उत्तर. मुलं कागद करून घेत नाहीत, कारण त्यांनी अर्ज केला आणि आईबाप मुलाखतीला निघाले, की तेच त्यांना दहा वर्षांसाठी बाहेर घालवल्यासारखं होतं. वकील प्रामाणिक असेल तर अर्ध्या तासात हे सांगतो. प्रामाणिक नसेल तर पैसे घेऊन अर्ज टाकतो आणि दोन वर्षांनी सांगतो.

आता ‘रांग’. आपल्या एच-वनवाल्यांची रांग खरी आहे, देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेने ती कशी तुंबली आहे ते मला सांगू नका, माझा भाचा त्यात आहे. पण आपण आपल्या आईवडिलांना आणलं, तेव्हा कुठल्या रांगेत उभे होतो? नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक मर्यादाच नाही. बहुतेकांची कार्डं वर्ष-दीड वर्षात हातात आली. नंतर किती जणांनी आईबाबांना मेडीकॅल, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, लावून घेतलं, ते मी विचारत नाही. अर्ज मीच भरून दिलेत.

आणि मिचोआकानच्या एखाद्या माळ्याने १९९८ साली कुठल्या रांगेत उभं राहायला हवं होतं? अंगमेहनतीची, शिक्षण न लागणारी कामं करणाऱ्यांसाठी सगळ्या जगाला मिळून वर्षाला जास्तीत जास्त १०,००० ग्रीन कार्डं आहेत, तीही मालकाने अर्ज केला तर. ज्याचं कोणी इथे नाही, पदवी नाही, त्याला उभं राहायला खिडकीच नाही.

एकवीस या आकड्याची गंमत बघा. एच-४वर आलेली आपली मुलं एकवीसची झाली की आईबापांच्या व्हिसातून बाहेर पडतात. त्या वाढदिवसाची धास्ती आपल्यातल्या दोन घरांत मी पाहिली आहे. उलट इथे जन्मलेल्या मुलांबद्दल आपला नेहमीचा विनोद: कंपनीच्या ग्रीन कार्डाआधी पोरगीच एकवीसची होईल आणि आपल्याला स्पॉन्सर करेल. आपल्या बाबतीत तो विनोद चालतो, कारण आपल्याकडे शिक्का आहे. आपल्याच ओळखीत टुरिस्ट व्हिसावर येऊन राहून गेलेली माणसं आहेत. आपण त्यांना ‘इल्लीगल’ म्हणत नाही. ‘त्यांचं जरा कागदांचं राहिलंय’ म्हणतो.

असो. कागद सोडून ही मुलं बाकी काय काय करतात, ते सांगते.

सोळाव्या वर्षी गाडी. २०१५च्या आधी कॅलिफोर्नियात बिनकागदाच्या माणसाला लायसन मिळत नव्हतं. पोलिसांनी थांबवलं की गाडी जप्त. म्हणून मुलाला लायसन मिळालं की तो घरचा ड्रायव्हर. फोनचं बिल, गाडीचा इन्शुरन्स, इंटरनेट, सगळं मुलाच्या नावावर. पैसे साठले तर घरही मुलीच्या नावावर घेतात, हप्ते आईबाप भरतात. मग मुलीचं लग्न ठरतं आणि होणारा जावई विचारतो, हे घर कोणाचं? आपल्याकडे सातबारावर नाव कोणाचं यावरून भावाभावांत काय होतं ते आपण जाणतो. तिथे तर कायद्याने घर खरोखरच तिचं असतं, आणि ती मुलगी म्हणते, माझं नाही, मी फक्त सही केली.

मग ‘नोतारियो’. लॅटिन अमेरिकेत नोतारियो म्हणजे मोठा वकील, सरकारमान्य. इथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर शिक्के मारणारा असतो तसाच, फार तर. या नावाच्या घोळावर दुकानं चालतात. कॅलिफोर्नियात नोटरीने जाहिरातीत ‘नोतारियो पुब्लिको’ असं लिहायलाच बंदी आहे, तरी चालतात. आईबापांनी तरुणपणी अशा कोणाकडे हजारो डॉलर घातलेले असतात, आणि त्याने काय अर्ज टाकला होता हे शोधत बसायचं काम पंधरा वर्षांनी मुलाच्या वाट्याला येतं.

आणि फाइल. प्रत्येक घरात एक फाइल असते, कप्प्याकप्प्यांची, फुगलेली. १९९९चं विजेचं बिल, मुलांच्या लसीकरणाची कार्डं, शाळेची प्रगतिपुस्तकं, चर्चमधल्या बाप्तिस्म्याचा दाखला, माझ्याकडची रिटर्न्स. आम्ही इथे होतो, सतत होतो, याचा पुरावा. ओबामांनी नोव्हेंबर २०१४मध्ये नागरिक मुलांच्या आईवडिलांना संरक्षण देणारी योजना जाहीर केली, तेव्हा ह्या फाइली टेबलावर आल्या होत्या. त्या हिवाळ्यात माझ्याकडे जुन्या रिटर्नच्या प्रती मागायला इतकी गर्दी झाली की प्रिंटर बंद पडला. फेब्रुवारीत टेक्सासच्या कोर्टाने योजना अडवली, जून २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार झालं आणि ती तिथेच संपली. फाइली परत कपाटात गेल्या. आता त्या मुलांनी स्कॅन करून ठेवल्यात. माझे वडीलही लाइटबिलं चाळीस वर्षं तारेला टोचून ठेवायचे, आम्ही हसायचो.

मिचोआकानमध्ये आजी जाते तेव्हा आई जाऊ शकत नाही. जाते ती नात. माझी ती नर्स मुलगी आयुष्यात दोनदाच भेटलेल्या आजीच्या अंत्ययात्रेला गेली. एका हाताने फोन वर धरून, इकडे स्वयंपाकघरात बसलेल्या आईला दाखवत ती शवपेटीमागे चालली. ती सांगत होती, फोन धरल्यामुळे मला रडताच आलं नाही, चित्र हललं असतं. आपणही भारतातले फोन रात्री तीनला घेतले आहेत, विमान चुकून खांदा द्यायला पोचलो नाही याची टोचणी आपल्यातल्या कित्येकांना आहे. तिच्या आईचं विमान चुकलं नव्हतं. मिचोआकानचं राज्य सरकार साठी उलटलेल्या आईवडिलांना व्हिसा मिळवून देऊन इकडच्या मुलांच्या भेटीला आणतं, त्या योजनेचं नाव निरोप्या कबुतरांवरून ठेवलंय, ‘पालोमास मेन्साहेरास’. आजीची पाळी येण्याआधीच ती गेली.

सगळ्यात अवघड काम कागदावरचंच आहे. उद्या दोघांना पकडलं तर चौदा वर्षांच्या भावाला शाळेतून कोण आणणार, त्याच्या डॉक्टरांच्या कागदांवर सही कोण करणार, घराचा हप्ता, गाडी, कुत्रा. चोवीस वर्षांची मुलगी आईबापांसमोर बसून हे प्रश्न विचारते आणि वहीत लिहून घेते. वडील विषय बदलतात. आई म्हणते, देव आहे. दाराशी लाल कार्ड चिकटवलेलं असतं: दार उघडू नका, न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट दाखवायला सांगा. या वर्षी तर बाजारहाट, औषधं, धाकट्याला फुटबॉलला नेणं, सगळं तिने स्वतःकडे घेतलंय. घरात डाळतांदूळ आणायला सुद्धा नागरिकानेच बाहेर पडायचं.

दवाखान्याचं आणखी एक. कॅलिफोर्नियाने मे २०२२मध्ये पन्नाशीपुढच्या, आणि जानेवारी २०२४पासून सगळ्याच वयाच्या बिनकागदाच्या लोकांना मेडीकॅल दिलं. जानेवारी २०२६पासून प्रौढांची नवी नोंदणी बंद. जे आत आहेत ते राहतील, पण नूतनीकरणाचं पाकीट चुकलं आणि मुदतीत सावरलं नाही की दार बंद. तेव्हा सध्या ही सगळी मुलं आईबापांच्या टपालपेटीवर डोळा ठेवून आहेत. वडिलांना मधुमेह आहे. घरात डायलिसिसची नर्स आहे, तिला पुढचं सगळं दिसतं.

आता माझी स्वतःची गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते. चौदा वर्षं मी या लोकांना सांगत आले की बिनधास्त भरा, कर खातं तुमचा पत्ता इमिग्रेशनला देत नाही. ते खरं होतं. ७ एप्रिल २०२५ला कर खात्याने इमिग्रेशन खात्याशी माहिती देण्याचा करार केला. मुदतीला आठ दिवस उरलेले. त्या शनिवारी जेवणघरातल्या अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणलेला गोड पाव तसाच उरला. ती मुलगी आली, एकटी. म्हणाली, "सेन्योरा, आता सांगा, भरू का?" मी म्हटलं, मला सांगता येणार नाही, वकिलाला विचार. तिने विचारलं होतं. वकिलाने धोके दोन्हीकडचे सांगितले आणि निर्णय तिच्यावर सोडला. ती पंधरा मिनिटं लॅपटॉपसमोर बसून राहिली. मग म्हणाली, पत्ता तर त्यांच्याकडे चौदा वर्षांचा आहेच, या वर्षी नाही भरलं तर फाइलमध्ये भोक पडेल. आणि पाठवलं. मी शेजारी बसले होते आणि माझ्याकडे तिला द्यायला कसलाही शब्द नव्हता.

एका दुसऱ्या घरात धाकटा मुलगा लष्करात गेला. भूगोल शिकवायचं त्याच्या मनात होतं. पण सैनिकाच्या आईवडिलांना इथेच राहून कागद करता येण्याची एक वाट २०१३पासून आहे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली. आईने त्याला नको म्हटलं, पाया पडली. तो म्हणाला, चार वर्षांचा तर प्रश्न आहे. त्याच्या मोठ्या भावाला हे करताही आलं नसतं. तो दोन वर्षांचा असताना कडेवर आणलेला, लहानपणी आणलेल्या मुलांसाठीच्या २०१२च्या डाका योजनेवर दर दोन वर्षांनी परवाना नवा करणारा. एका आईचे दोन मुलगे, दोन दर्जे. थोरला रिटर्न भरताना धाकट्याकडे बघत नाही.

ही सगळी मुलं श्रावणबाळ आहेत असं मी म्हणणार नाही. एक मुलगा तीन वर्षं आला नाही. बहिणीने सांगितलं, तो टेक्सासला गेला, फोन उचलत नाही. मला त्याचा राग आला नाही. दहाव्या वर्षापासून दुभाषा, सोळाव्यापासून ड्रायव्हर, एकविसाव्यापासून शेवटची आशा, एवढं झाल्यावर पळून जावंसं वाटणं मला कळतं. आणि तो गेल्यावर सगळं बहिणीवर आलं, हेही आपल्याला नवीन नाही. तिला दूरच्या डेव्हिस विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, ती गावातल्याच सॅन होझे स्टेटला राहिली. आईबापही कधीकधी हे ओझं वापरतात. "तुझ्यासाठी आम्ही नदी ओलांडली" हे वाक्य त्या घरांत, आपण "तुझ्यासाठी आम्ही देश सोडला" म्हणतो तितक्याच वेळा म्हटलं जातं.

आता १९ सप्टेंबर २०२५चा शुक्रवार आठवा. एच-वनला एक लाख डॉलर शुल्क अशी घोषणा झाली आणि रविवारपासून लागू म्हणाले. आपला ग्रुप पहाटेपर्यंत जागा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर लोक विमानातून उतरले. पुण्यात आईच्या ऑपरेशनला गेलेल्या आपल्या एका मैत्रिणीला नवऱ्याने फोन करून सांगितलं, मिळेल त्या विमानाने ये. शनिवारी खुलासा आला की आधीपासून व्हिसा असलेल्यांना हे लागू नाही, आणि आपण झोपलो. त्या एका रात्रीत आपल्या मुलांनी आपल्याला विचारलं होतं, "मग आपण परत येऊ शकणार नाही?" माझ्या टेबलापलीकडची मुलं हा प्रश्न रोज झोपताना विचारत मोठी झाली आहेत.

तेव्हा माझं मागणं. मंडळाने काय ठराव करावा वगैरे मला नको. ठरावांनी आपली कपाटं भरलीत.

ग्रीन कार्डच्या तुंबलेल्या रांगेसाठी आपलं शिष्टमंडळ खासदारांकडे जातं. या वेळी त्या निवेदनात ‘रजिस्ट्री’ हा शब्द घाला. १९२९पासून कायद्यात एक कलम आहे: अमुक तारखेच्या आधीपासून इथे राहणाऱ्या माणसाला ग्रीन कार्ड मागता येतं. ती तारीख वेळोवेळी पुढे सरकवली जायची. शेवटची सरकवली १९८६मध्ये, रेगन यांच्या काळात, आणि तेव्हापासून ती १ जानेवारी १९७२वर गोठली आहे. सॅन होझेच्याच खासदार झोई लॉफग्रेन आणि आपले सिनेटर अॅलेक्स पडिया यांनी मांडलेलं विधेयक म्हणतं, तारीख काढा, सात वर्षं राहिलेल्याला अर्ज करू द्या. त्यात माळी येतो, आणि वीस वर्षं एच-वनवर अडकलेला माझा भाचाही येतो, आणि एकविशीला बाहेर पडणारी आपली मुलंही. एकाच दारातून. मग आपण त्यांच्यापासून चार हात लांब उभं राहून स्वतःपुरतं मागणं का घेऊन जातो, हे मला कोणी समजावून सांगावं. कोणी म्हणेल, मेक्सिकनांशी आपला संबंध काय? गदर चळवळीतले आपले वैदर्भीय पांडुरंग खानखोजे, इंग्रजांनी मायदेशाचं दार बंद केल्यावर मेक्सिकोत राहिले. चापिंगोच्या शेतकी शाळेत त्या देशाने त्यांना शिकवायला बसवलं, मक्यावर संशोधन करू दिलं, दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला परत येऊ शकले. संबंध विचारणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

दुसरं, टॅक्स केंद्रावरचे शनिवार. नोव्हेंबरात प्रशिक्षण सुरू होतं, परीक्षा सोपी आहे. स्पॅनिश येत नसलं तरी चालतं. सांगितलं ना, मुलं बरोबर असतात.

तिसरं सगळ्यात लहान आहे आणि मला त्याचीच सगळ्यात आशा आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरी दर पंधरा दिवसांनी एक बाई येते. बाहेरचं गवत कोणीतरी कापतं. वर्षानुवर्षं येतात. त्यांच्या फाइलमध्ये बिलं आहेत, दाखले आहेत, पण ‘मी या बाईला अमुक सालापासून ओळखतो, ती याच गावात राहते’ असं सांगणारी माणसाची सही नाही. उद्या कुठलंही दार उघडलं तर अशी पत्रं लागतात, आणि ती दहा वर्षांनी मागायला गेलं तर लिहिणारा माणूस राहिलेला नसतो. तुम्हाला भीती वाटेल, मलाही वाटली, म्हणून मी आधी वकिलाला काय लिहावं आणि काय लिहू नये ते विचारलं. आधी त्या बाईच्या मुलीलाही विचारा. फाइल तिच्याकडे असते.

मी माझं पत्र परवा लिहिलं. माझ्याकडे येणारी बाई २००९पासून येते. माझ्या मुलीचं बाळंतपण झालं तेव्हा तिने कोंबडीचं सूप करून आणलं होतं. पत्र लिहायला बसले, पहिलं नाव लिहिलं आणि थांबले. आडनाव मला माहीत नव्हतं. तिच्या मुलीला मेसेज करून विचारावं लागलं.

आपली,
सनीवेलची तुमची काकू